पेपरवाली खोली

वृत्तपत्राची वास्तू म्हणजे लोकशाहीच्या चौथ्या स्तंभाचा पाया, आणि पाया कधी जागचा हलत नसतो.

एवढं लिहून मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमचा पाया आतापर्यंत चार वेळा हलला होता. पहिल्या खेपेला हातगाडीवरून, पुढच्या तीन खेपांना टेम्पोतून. पाचव्या खेपेची बांधाबांध माझ्या खुर्चीमागे चालू होती. पस्तीस खोकी सुतळीनं आवळून ठेवली होती आणि माझा चहाचा कप त्यांतल्या कुठल्या खोक्यात गेला, हे कुणी सांगत नव्हतं.

‘दैनिक खडा पहारा’ येत्या सव्वीस जानेवारीला पन्नास वर्षांचा होणार होता. त्याच दिवशी बदलापूरच्या कडेला, खरवईत, ‘खडा पहारा भवना’चं उद्घाटन होतं. भवनाच्या तळमजल्यावर जिम, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास, दुसऱ्यावर अर्ध्या भागात डोळ्यांचा डॉक्टर आणि उरलेल्या अर्ध्यात चौथा स्तंभ. आमचे मालक-संपादक राजेंद्र भोपी यांनी मला बोलावून सांगितलं, “महेशराव, पुरवणीत एक फुल पेज पाहिजे. ‘आपल्या वास्तू’. इतिहास, पण जरा इन्स्पायरिंग.”

“खरा की इन्स्पायरिंग?”

“बघा, झालात तुम्ही सुरू.”

मी या पेपरात सत्तावीस वर्षं उपसंपादक आहे. एका जागी बसून करायचं काम, असं लग्न ठरताना मुलीकडच्यांना सांगितलं होतं.

इतिहास तसा सोपा होता. पहिली वास्तू उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधली, बराक ९६४, खोली सात. राजेंद्रसाहेबांचे वडील शंकरराव यांनी १९७६ साली तिथून पेपर काढला. खोली हरिचंद्र गमरे या खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची. पुढच्या अर्ध्यात छपाईच्या खिळ्यांच्या केसेस आणि ट्रेडल मशीन, मागच्या अर्ध्यात हरिचंद्र, त्याची बायको भिमाबाई आणि स्टोव्ह. मध्ये गोणपाटाचा पडदा. अग्रलेखाला सुक्या बोंबलाचा वास यायचा आणि बोंबलाला शाईचा, असं जुने लोक सांगतात.

दुसरी वास्तू विठ्ठलवाडीला, डेपोजवळ, पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर. गिरणी चालू झाली की संपादकाचं टेबल आपोआप सरकत खिडकीशी जायचं, आणि गिरणी बंद झाली की शिपाई ते परत ओढून आणायचा. तिसरी अंबरनाथ पूर्वेला, लग्नाच्या हॉलमधली वधूपक्षाची खोली. मुहूर्त असला की आम्ही जिन्यावर. मी लागलो तो याच वास्तूत. माझी हुंड्याविरुद्धची लेखमाला मी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून लिहिली आणि खालच्या पायरीवर रुखवत मांडलेलं होतं. चौथी अंबरनाथच्याच एमआयडीसीत, एक गाळा. शेजारच्या गाळ्यातून पिवळसर वास यायचा. तो कसला, हे छापायचं आम्ही अकरा वर्षं टाळलं, कारण शेजारी दिवाळी अंकाला पूर्ण पान देत असे. पाचवी ही बदलापूर पश्चिमेची, सोसायटीतला टू बीएचके. बेडरूममध्ये वार्ताहर, किचनमध्ये जाहिरात विभाग. सोसायटीची तक्रार एकच: तुमच्याकडे येणारे लोक दुसऱ्यांच्या दारात चपला काढतात.

कुठल्याही वास्तूत आम्ही भिंतीला कॅलेंडर लावलं नाही. टेबलावर आडवं ठेवायचो. करार संपत आला की साहेब फेऱ्या मारायला लागायचे, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. मग हळूहळू सगळेच फेऱ्या मारायला लागायचे. टू बीएचकेमध्ये ते जमत नाही. एकाने वळायचं तर दुसऱ्याने संडासात जावं लागतं.

या सगळ्या भटकंतीत एकच गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे प्रिंटलाइन. शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: पेपर कुणी छापला, कुठून प्रसिद्ध केला. कायद्यानं ती छापावी लागते आणि कायद्याची माणसंसुद्धा ती वाचत नाहीत. हरिचंद्रनं ती शहात्तर साली जुळवली आणि सुतळीनं बांधून ठेवली. रोज तोच बांधलेला गठ्ठा पानात बसवायचा. खिळे गेले तेव्हा तिचा छाप कापून चिकटवला, कॉम्प्युटर आला तेव्हा ती पानाच्या साच्यातच घातली. पत्ता बदलायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे नवं डिक्लेरेशन करावं लागायचं, आणि शंकररावांचं मत असं की नवं डिक्लेरेशन म्हणजे नवा पेपर, नवा पेपर म्हणजे सरकारी जाहिरातींच्या यादीत पुन्हा तळाला. हे मत बरोबर की चूक, ते कुणी विचारायला गेलं नाही. विचारायला गेलं असतं तर पत्ता सांगावा लागला असता. त्यामुळे कागदोपत्री ‘खडा पहारा’ पन्नास वर्षं खोली सातमध्येच उभा होता.

दहा डिसेंबरला भिमाबाई आल्या. वय सत्त्याहत्तर, तिसरा मजला, लिफ्ट बंद. हरिचंद्र जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या दारात उभ्या राहून आधी दम खात राहिल्या, मग खोक्यांकडे बघितलं.

“पुन्यांदा पळताय व्हय रं?”

“स्वतःची जागा आहे आता, मावशी. बसा ना.”

“कशावर बसू? तुमच्या डोक्यावर? राजू कुठंय?”

“साहेब खरवईला गेलेत. टाइल्स बघायला.”

“त्याचं ढुंगण धुतलंय मी. त्याला सांग, भिमामावशी आल्ती. माझं घर चाललंय त्याच्यापायी.”

मी माझी खुर्ची दिली. त्यांनी पिशवीतून कागद काढला. बराकी धोकादायक झाल्यात, पाडून इमारती होणार, म्हणून घरोघर पाहणी झाली होती. भिमाबाई सहा डिसेंबरला दरवर्षीप्रमाणे दादरला चैत्यभूमीवर गेल्या, सात तारखेला सकाळी परत आल्या, तर दारावर लाल रंगानं नंबर घातलेला. पाहणीच्या यादीत त्यांचं नाव नाही. खोली सात, वापर व्यावसायिक, धारक ‘दैनिक खडा पहारा’.

“पाहनीच्या हापिसात खिडकीवर गेले. तिथला पोरगा म्हनतो, आजी, तुमी ऱ्हात असाल, पन खोली धंद्याची हाय. राहत्या खोलीला घर, धंद्याच्या खोलीला गाळा. घर तुमाला न्हाई आन गाळा पेपरवाल्याला. मी म्हनलं, अरे, पेपर जाऊन बेचाळीस वर्सं झाली! तर म्हनला, तसं पेपरकडनं लिहून आना.”

“रेशनकार्ड दाखवलंत?”

“दाखवलं. म्हनला, कार्डावर तुमी हाय, खोली कशाची हाय ते न्हाई. लाइटचं मीटर तुमच्या पेपरच्या नावावर. बिल म्या भरते आन नाव राजूच्या बापाच्या पेपरचं.”

“पेपर गेला कधी नक्की?”

“माझी संजी झाली त्या साली. म्या बाळंतीन, आन ह्यो मानूस खिळ्याच्या पेट्या हातगाडीवर घालून विठ्ठलवाडीला. पोरीचं तोंड संध्याकाळी बघितलं त्यानं. त्र्याऐंशी, मार्च.”

एवढी नेमकी नोंद आमच्या दप्तरात नव्हती. मी ती लिहून घेतली. भिमाबाई उठल्या, जिन्यात थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, “एक ओळ लागती रं. तुमी रोज आठ पानं लिहिता.”

संध्याकाळी साहेब आले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकत खिडकीपर्यंत गेले, परत आले, आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“गाळा? कॅम्प तीनमध्ये? आपल्याला?”

“साहेब, ते तिचं घर आहे.”

“घर कोण नाकारतंय? मावशी म्हणजे मला आईसारखी. पण महेशराव, जरा प्रॅक्टिकल व्हा. लेटरहेडवर लिहून दिलं की आम्ही त्र्याऐंशीत सोडली, म्हणजे बेचाळीस वर्षांची प्रिंटलाइन खोटी. उद्या कोणी विचारलं तर? पन्नास वर्षं अखंड, हे तर आपण गेटवर ग्रॅनाइटमध्ये कोरलंय.”

“मग मावशीनं काय करायचं?”

“आपला गाळा झाला की तिला एक कोपरा देऊ. बसेल बिचारी.”

मी टेबलाशी गेलो. लेखात लिहिलं: ‘मार्च १९८३ मध्ये खोली सात सोडून पेपर विठ्ठलवाडीला गेला. तेव्हापासून ते गमरे कुटुंबाचं राहतं घर आहे.’ साहेब एरवी पेपर वाचत नाहीत, स्वतःच्या फोटोखालची ओळ तेवढी बघतात. या वेळी त्यांनी पूर्ण पान वाचलं. माझी दोन वाक्यं खोडून लिहिलं, ‘आजतागायत नोंदणीकृत मुख्य कार्यालय.’ मी पुढच्या प्रूफात वाक्यं परत घातली. त्यांनी परत खोडली. तिसऱ्या प्रूफाला ते म्हणाले, “महेशराव, तुमची निवृत्ती कधी?”

पान ‘आजतागायत’नं छापायला गेलं.

पुढचे काही दिवस मला कुठेच बसवेना. घरी जेवताना उभा राहायचो. बायको म्हणाली, लग्नात बुफेला आल्यासारखं काय जेवताय? दोनदा शेअर रिक्षा बदलत कॅम्प तीनला जाऊन आलो. खोली सातच्या शेजारी भावना भाभीचं जीन्सचं धागा कटिंगचं काम चालतं. निळ्या धाग्यांचे ढीग, पंखा, आणि पाच बाया कात्र्या चालवत बसलेल्या. दुपारी भिमाबाईही त्यांतच. मला बघून भाभी ओरडल्या, “अरी मौसी, तेरा पेपरवाला आया!” भिमाबाईंनी कात्री खाली न ठेवता विचारलं, “आनली ओळ?” मी म्हटलं, चालू आहे. “काय चालूय? तू नुसताच चालतोयस.”

परतताना रिक्षात सुचलं. लिहिलेलं खोडता येतं. माइकमधून गेलेलं खोडता येत नाही.

सत्काराची यादी माझ्याकडे होती. एकशे चार नावं. माजी नगरसेवक, आजी नगरसेवक, दोन्हीच्या मधले. मी एकशे पाचवं घातलं: ‘प्रथम वास्तूच्या मातोश्री, श्रीमती भिमाबाई गमरे.’ यादी वाचताना साहेब तिथे थबकले.

“बोलणार नाही ना ती?”

“शाल, श्रीफळ, फोटो.”

“फोटो चांगला येईल,” साहेब म्हणाले. “वय दिसतं तिचं.”

सव्वीस जानेवारीला खरवईत मांडव, सनई, आणि जिमवाल्याचा स्वतंत्र डीजे. प्रमुख पाहुणे एक माननीय होते, त्यांना पुढे अजून तीन उद्घाटनं होती, त्यामुळे तेही उभ्यानंच होते. सूत्रसंचालन जाहिरात विभागातल्या मनालीकडे. भिमाबाई पांढऱ्या साडीत व्यासपीठावर आल्या, शाल घेतली, नारळ मुलीकडे, संजीवनीकडे दिला. मनालीला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की मातोश्रींना दोन शब्द विचार, छान वाटतं. तिनं माइक पुढे केला.

“आजी, पहिल्या ऑफिसच्या काय आठवणी?”

भिमाबाईंनी माइक दोन्ही हातांत धरला, लाटणं धरावं तसा.

“जय भीम सगळ्यांना. आठवन एकच हाय. पेपर त्र्याऐंशी सालात खोली सोडून गेला. ही माझी पोरगी उभी हाय, हिचं वय विचारा आन हिसाब करा. तवापासनं त्या खोलीत म्या ऱ्हाते. पन सरकारी कागदात अजून पेपरच ऱ्हातो. आता खोली पाडायची, तर घर मला न्हाई, गाळा राजूला. राजू पोरगा चांगला हाय. लहानपनी बी दुसऱ्याची पेन्शील न्यायचा, पन मागितली की द्यायचा. तर राजू, म्या मागते. एक ओळ लिहून दे बाबा.”

मांडवात कुणी तरी शिट्टी मारली. मनाली माइक परत घ्यायला गेली, तो काही मिळाला नाही. तो माननीयांनी घेतला होता. माननीयांना प्रकरण कळलं नव्हतं, पण टाळी कुठे आहे ते कळलं होतं. “या माउलीला घर मिळालंच पाहिजे!” ते गरजले. “आणि राजेंद्रजी ती ओळ उद्या, उद्याच्या उद्या, लिहून देतील, हा माझा शब्द!” सगळ्यांत आधी टाळी साहेबांनी वाजवली. त्यांचा हसरा फोटो पुढच्या अंकात पहिल्या पानावर गेला.

दुसऱ्या दिवशी नव्या भवनात साहेबांची पहिली फेरी सुरू झाली. खोली लांब होती, त्यामुळे त्यांना वळायला वेळ लागत होता.

“तुम्ही तिला माइक दिलात.”

“मनालीनं दिला, साहेब.”

“महेशराव, मी तुमच्याइतका शिकलेलो नाही, पण गाढव नाही.” ते खिडकीशी थांबले. खालून जिममधलं गाणं येत होतं. “बाबा असते तर काय केलं असतं?”

“त्यांनी पत्ता बदलला नसता.”

“तेच तर.” ते वळून परत दाराकडे निघाले. “पेन्सिलीचं तिला कसं आठवलं हो? ती हरिचंद्रकाकाची होती. प्रूफाची लाल पेन्सिल.”

पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. लेटरहेड, सही, शिक्का. मग वकील म्हणाला, आता एवढं लिहून दिलंय तर प्रिंटलाइनही बदला, नाही तर कुणी तरी दोन्ही कागद शेजारी ठेवेल. नवं डिक्लेरेशन झालं. वकिलानं अंकांची गणती पहिल्यापासून धरायला लावली. नऊ फेब्रुवारीच्या अंकावर आमच्या नावाखाली छापलं होतं: वर्ष १, अंक १. नवीन पेपर काढल्याबद्दल अभिनंदनाचे दोन फोन आले. गेटवरच्या ग्रॅनाइटवर ‘पन्नास वर्षं अखंड’च्या जागी एक जाहिरातीचा फ्लेक्स लागला. माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती, ती साहेबांनी जूनवर आणली. तसं तोंडी सांगताना ते म्हणाले, “राग नाही हां. पण तुम्ही आसपास असलात की मला बसवत नाही.”

पत्राला भिमाबाईंनी लॅमिनेशन करून घेतलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पाहणीवाले पुन्हा येतायत, तू ये. मी गेलो. खोली सातच्या उंबऱ्यात भिमाबाई पत्र छातीशी धरून उभ्या. टॅब घेतलेली एक मुलगी आली. पायांत स्पोर्ट शूज, घाईत.

“खोली सात. कोण राहतं?”

“मी. भिमाबाई हरिचंद्र गमरे. हे पत्र...”

“आधार द्या.” मुलीनं आत डोकावलं. पलंग, गॅस, बाबासाहेबांचा फोटो, दोरीवर साड्या. “निवासी. इथं अंगठा. झालं.”

“ताई, पत्र बघा ना,” मी म्हटलं. “पेपरनं लिहून दिलंय.”

“कुठला पेपर?”

“ज्याच्या नावावर ही खोली तुमच्याकडे लागली होती. प्रिंटलाइनवरून.”

“कशावरून?” तिनं टॅबवर बोट फिरवलं. “सहा डिसेंबरला दार बंद होतं. बंद असलं की शेजारी विचारून टेम्पररी टाकतो. इथं लिहिलंय, शेजारच्या म्हणण्यानुसार पेपरवाली खोली.”

आम्ही तिघांनीही शेजारी बघितलं. भावना भाभी कात्री हातात घेऊन दारात आल्या होत्या.

“तो मैं क्या बोलती?” त्या म्हणाल्या. “पचास साल से सब यही बोलते हैं!”

“भवाने, माझं नाव सांगायला काय जीभ झडली व्हती?”

“अरे, उसने नाम पूछा ही नहीं! पूछा, किसकी खोली. मैंने बोला, पेपरवाली.”

मुलगी पुढच्या दाराशी गेली होती. मी मागून जाऊन विचारलं, ही फेरपाहणी कुणी तक्रार केली म्हणून लागली का? माननीयांचा फोन आला होता का? पत्र पोचलं होतं का?

“नाही हो. बंद सापडलेल्या एकवीस खोल्या आहेत, त्या सगळ्यांची परत होणारच होती. जाहीर नोटीस दिली होती ना डिसेंबरात.”

“कुठे?”

तिला आठवेना. मी भवनात परत जाऊन फाइल काढली. अठरा डिसेंबर, ‘दैनिक खडा पहारा’, पान सात, दोन कॉलम. प्रूफावर माझी सही होती.